कृत्रिम मूत्रपिंड आणि लेकरांचे दात



मूत्रपिंडे असतात पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना आणि दात असतात तोंडात. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, अशी शंका आजच्या विषयाचे नाव वाचून कोणाच्याही मनात यावी. शंका स्वाभाविक आहे. वैद्यकशास्त्राच्याही मनात ती बरीच वर्षे होती आणि तिच्यापायी पुष्कळ मुलांचे हाल झाले. डायलिसिसवर असलेल्या मुलाच्या दातांची निगा हा वरवर पाहता वैद्यांचा विषय. आम्ही त्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. कारण हा प्रश्न रोगाने जितका निर्माण केला तितकाच तो इतिहासाने निर्माण केला, असे आमचे मत आहे. यंत्राने मूल जगवले. मूल जगले म्हणून त्याचे दात दिसू लागले. आणि दात दिसू लागले तेव्हा ध्यानात आले की मूत्रपिंडाची विद्या आणि दातांची विद्या या दोन वेगळ्या आळ्यांत वाढलेल्या बहिणी असून त्यांचे फारसे जाणेयेणेच नाही.

कोरेगाव भीमा म्हटले की १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि नदीपलीकडचा पेरण्याचा स्तंभ डोळ्यांपुढे येतो. परंतु आपल्या शिरूर तालुक्याचा इतिहास त्याहून कितीतरी मागे जातो, आणि आजच्या विषयाला लागणारा पहिला पुरावा त्या जुन्या इतिहासातच पडला आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या संशोधकांची नावे त्या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरातले मूल गेले की घराच्याच जमिनीखाली त्यास पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत ते इवलेसे कलेवर असे. मातीत इतकी शतके गेल्यावर कोवळी हाडे झिजतात. दात मात्र टिकतात.

या मुलांचे दात पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. वाळिंबे आणि अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी बारकाईने तपासले. दुधाच्या सुळ्यांवर कोठे खळगा आहे, कोठे पांढरे कवच पातळ राहिले आहे, याची त्यांनी नोंद केली आणि हल्लीच्या पश्चिम भारतातील मुलांच्या दातांशीही तुलना केली. या खळग्यांवरून रोगाचे नाव सांगता येत नाही. आईची उपासमार, अपुऱ्या दिवसांचा जन्म, ताप, कुपोषण अशी कारणे पुष्कळ असतात. परंतु जिवावर काहीतरी बेतले होते, आणि ते साधारण कोणत्या महिन्यात बेतले होते, हे मात्र सांगता येते. ज्या लेकराचे नाव कोणास ठाऊक नाही, त्याच्या आजारपणाची तारीख त्याच्या दाताने सांभाळून ठेवली आहे.

हे कसे घडते ते थोडक्यात पाहू. दातावरील पांढऱ्या टणक कवचास दंतवल्क म्हणतात. शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. ते झाडाच्या खोडाप्रमाणे थराथराने तयार होते. दुधाच्या दातांचे काम आईच्या पोटातच सुरू होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात आटोपते. कायमच्या दातांपैकी पहिली दाढ जन्माच्या सुमारास घडू लागते, आणि अक्कलदाढ सोडली तर सर्व दातांचे कवच सातआठ वर्षांच्या वयापर्यंत तयार होते. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. दंतवल्क एकदा घडले की घडले. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. म्हणून त्यात राहिलेली उणीव शरीरास पुन्हा भरून काढता येत नाही.

आता मूत्रपिंडाकडे वळू. मूत्रपिंडाचा रोग हा स्वतंत्र रोग आहे, हे लंडनच्या गाय इस्पितळातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून पाश्चात्त्य वैद्यकाने शिकले. तेव्हापासून मूत्रपिंड म्हणजे रक्तातील घाण बाहेर टाकणारी चाळणी, एवढीच समजूत बराच काळ रूढ होती. १९७० साली केंब्रिज येथील फ्रेझर आणि कोडिसेक या संशोधकांनी दाखवून दिले की ‘ड’ जीवनसत्त्वाचे शरीराला उपयोगी पडणारे रूप मूत्रपिंडातच तयार होते. त्या रूपाशिवाय अन्नातील चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लागत नाही. चाळणी बिघडली की रक्तात फॉस्फेट साचते, कॅल्शियम घटते आणि ते भरून काढण्यासाठी शरीर हाडांतील चुना उपसू लागते. तान्हेपणीच मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तर दात घडण्याच्या ऐन वेळी गवंड्याच्या हाती चुनाच कमी पडतो. मग कवच खडबडीत आणि पिवळसर होते, दात उशिरा येतात, दातांमधील मज्जेची पोकळी अरुंद होते, आणि पुढे जबड्याचे हाडही ठिसूळ होऊ शकते. इनामगावच्या मुलांच्या दातांवर जशी आजारपणाची खूण उमटली, तशीच ती या मुलांच्या दातांवर उमटते. फरक इतकाच की ही मुले आज आपल्यात आहेत आणि त्यांची तपासणी उत्खननाशिवाय करता येते.

ही मुले आपल्यात आहेत ती यंत्रामुळे. त्या यंत्राची कथा ऐकण्यासारखी आहे. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये ‘डायलिसिस’ हा शब्द रूढ केला. पातळ पडद्यातून बारीक कण पलीकडे जातात आणि मोठे अलीकडे राहतात, एवढेच त्यात अभिप्रेत होते. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन एबल यांनी हाच प्रयोग जनावराच्या वाहत्या रक्तावर केला. १९२४ मध्ये जर्मनीतील गीसन येथे गेओर्ग हास यांनी तो प्रथम माणसावर केला. परंतु यंत्र खऱ्या अर्थाने उभे केले ते हॉलंडच्या विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टरने, आणि तेही देश जर्मन फौजांच्या टाचेखाली असताना. कांपेन या लहान गावाच्या इस्पितळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचे पिंप केले, त्यावर सॉसेज भरण्याची सेलोफेनची नळी गुंडाळली आणि त्या नळीतून रोग्याचे रक्त फिरवले. हे साल १९४३. पहिले बहुतेक सर्व रोगी दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची स्त्री या यंत्राने शुद्धीवर आली आणि वाचली.

तरीही एक अडचण उरलीच. दर वेळी नवी शीर उघडावी लागे, आणि माणसाच्या शिरा काही अगणित नसतात. काही दिवसांत बरा होणारा रोगी यंत्राने तरे. कायमचा रोगी तरत नसे. १९६० मध्ये सिएटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी आणि शीर यांत टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. त्यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स हा त्यानंतर ११ वर्षे जगला. १९६६ मध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीऐवजी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने परस्परांस जोडण्याची रीत काढली. तिलाच आपण आज फिस्टुला म्हणतो.

आता आमच्या मुद्द्याला स्पर्श करणारी गोष्ट येते. १९६२ मध्ये सिएटलला कायमच्या रोग्यांसाठी केंद्र उघडले तेव्हा जागा थोड्या आणि रोगी फार, अशी स्थिती होती. कोणास यंत्र द्यावे हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमली. तीत वकील, धर्मोपदेशक, गृहिणी, कामगार पुढारी अशी माणसे होती. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाने ही हकीकत छापली आणि जगभर खळबळ उडाली. कोण जगावे हे सात माणसांनी ठरवावे काय, यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादात एक गोष्ट मात्र मागे पडली. समितीपुढे नावे येण्यापूर्वीच लहान मुले वगळलेली होती. वाढत्या अंगावर या उपचाराचा काय परिणाम होईल हे ठाऊक नाही, हे त्याचे एक कारण. १९६४ मध्ये शाळेत जाणाऱ्या एका मुलीस वय कमी म्हणून समितीने नाकारले. तेव्हा स्क्रिब्नर यांनी आल्बर्ट बॅब या अभियंत्याच्या साहाय्याने तिच्या घरी ठेवता येईल असे यंत्रच बनवून घेतले. ती पुढे काही वर्षे जगली. घरच्या डायलिसिसच्या इतिहासात त्या यंत्राला मानाचे स्थान आहे. ज्या मुलीला दार बंद होते, तिच्यासाठी पाडलेल्या खिडकीतून पुढे हजारो माणसे आत आली.

आपल्या देशात १९६० नंतरच्या दशकात वेल्लोरसारख्या मोजक्या ठिकाणी डायलिसिस सुरू झाले. मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयोग झाला. तो रोगी फार दिवस जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोर येथे यशस्वी रोपण झाले. १९७० नंतरच्याच दशकात पोटाच्या आतील आवरणाचा पडद्यासारखा उपयोग करून घरच्या घरी डायलिसिस करण्याची रीत निघाली आणि ज्यांच्या शिरा सुईला पुरत नाहीत अशा चिमुकल्यांना तिचा आधार मिळाला. याप्रमाणे मुलांचा प्रवेश सर्वांत शेवटी झाला. प्रारंभी त्यांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारला जाई: मूल जगेल काय? ते जगू लागल्यावर विचारले: उंची वाढेल काय? मग हाडांचा प्रश्न आला. आणि या सर्वांच्या मागून, रांगेच्या अगदी टोकाला, दात आले.

दात पाहू लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट आढळली. डायलिसिसवरील मुलांच्या दातांना कीड इतर मुलांपेक्षा पुष्कळदा कमीच असते. कारण असे की मूत्रपिंडाने टाकायचे युरिया लाळेत उतरते. तोंडातील जंतू त्याचा अमोनिया करतात. त्यामुळे या मुलांच्या तोंडाला उग्र वास येतो. पण कीड पाडणारे आम्ल त्याच अमोनियाने मारले जाते. दुसरीकडे दातांवर किटण मात्र भराभर चढते आणि हिरड्या सुजतात. वरवर पाहणारा म्हणतो, कीड नाही ना, मग दात ठीक आहेत. येथेच फसगत होते. रोपण होऊन नवे मूत्रपिंड काम करू लागले की लाळेतील युरिया उतरते आणि ते संरक्षण नाहीसे होते. खडबडीत कवच मात्र तसेच राहते. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरीन हे औषध सर्वत्र वापरात आले. त्याने रोपणाचे यश फार वाढले. पण त्याने काही रोग्यांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, असेही लवकरच आढळले. रक्तदाबाच्या निफेडिपीननेही तसेच होते. म्हणजे तोंडाची निगा रोपणानंतर नव्हे, रोपणापूर्वीच अंगवळणी पडलेली असली पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. रोपणानंतर शरीराची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम दाबलेली असते. निरोगी मुलाच्या दाढेखाली पू झाला तर चार रात्री रडण्यात जातील. या मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून रोपणापूर्वी तोंडातील संसर्गाचे प्रत्येक ठाणे उठवावे लागते. देणारी आई तयार आहे, पैशांची तजवीज झाली आहे, आणि एका किडक्या दाढेपायी शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, असा प्रसंग येऊ शकतो. तो टाळणे किती सोपे होते, हे तेव्हा कळते.

मग तो टाळला का जात नाही? आमच्या मते याचेही उत्तर इतिहासात आहे. भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. हे सारे घडले तेव्हा कायमच्या रोग्याचे डायलिसिस जन्मालाही आले नव्हते. दंतवैद्यकाने आपले महाविद्यालय, आपली परिषद, आपली पदवी स्वतंत्र उभी केली आणि त्यामुळे त्या विद्येला प्रतिष्ठा मिळाली, हे योग्यच झाले. परंतु मूत्रपिंडतज्ज्ञ पुढे निराळ्या इमारतीत, निराळ्या अभ्यासक्रमातून तयार झाले. परिणाम असा की मूत्रपिंडाचा डॉक्टर रक्ताचा कागद पाहतो आणि तोंड उघडावयास सांगत नाही. दंतवैद्य तोंड पाहतो आणि डायलिसिसचे नाव ऐकताच हात आखडता घेतो. दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि मूल दोघांच्या मधल्या बोळात उभे.

वास्तविक दंतवैद्याने भिण्याचे कारण नाही. काही गोष्टी सांभाळल्या म्हणजे झाले. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरीन देतात, म्हणून दात काढणे इत्यादी कामे त्याच दिवशी न करता दुसऱ्या दिवशी करावी. तेव्हा हेपॅरीनचा अंमल उतरलेला असतो आणि रक्तही स्वच्छ असते. फिस्टुलाच्या हातास रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, सुई टोचू नये. औषधांचे प्रमाण मूत्रपिंडतज्ज्ञास विचारून ठरवावे. आणि पालकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी: दाढ दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणून मुलास देऊ नये. उरलेसुरले मूत्रपिंडही अशा गोळ्यांनी जायबंदी होते.

घरच्या निगेतही काही विशेष नाही. फक्त कारणे समजली पाहिजेत. या मुलांना पाणी मोजून मिळते. तोंड सारखे कोरडे पडते. पाण्याने चूळ भरून थुंकली तर तोंड ओले होते आणि पाणी पोटात जात नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी पेस्ट पुरे; पेस्ट गिळू देऊ नये, कारण तीतले फ्लोराइड बाहेर टाकण्याचे कामही मूत्रपिंडाचेच आहे. लोहाच्या पातळ औषधाने दात काळे दिसतात. तो पुष्कळदा वरचा डाग असतो, कीड नव्हे. गोड पातळ औषध पाजल्यावर चूळ भरावी. घरातील मिश्रीची डबी मुलाच्या हाती लागू देऊ नये. आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. या मुलांना डाळी, दूध, फळे, सारेच मापून खावे लागते. म्हणजे चणे तर आधीच गेले. निदान दात तरी राहू द्यावेत.

सर्वांत घातक समजूत मात्र निराळीच आहे. ‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत,’ असे आपण सहज म्हणतो. ज्या मुलाचे कायमचे दात आधीच उशिरा येणार, त्याला दुधाच्या दातांवर इतरांपेक्षा अधिक वर्षे काढावी लागतात. आणि दुधाच्या दाढेतील पू कायमच्या दाढेतील पुवाइतकाच वाईट.

आता कोरेगावातून पाहू. एखाद्या मुलास पुण्यास डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा जावे लागले, तर वर्षाला १५६ खेपा होतात. नगर रस्त्याने जाऊन येऊन साठ किलोमीटर धरले तरी वर्षाकाठी नऊ हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास झाला. प्रत्येक खेपेस सुमारे चार तास यंत्रापाशी. बापाचा रोज बुडतो, मुलाची शाळा बुडते. अशा घरास ‘दातांसाठी आणखी एक खेप घाला’ असे सांगणे सोपे आहे, ऐकणे कठीण आहे. म्हणून दोष आईबापांच्या माथी मारून भागणार नाही. खर्चाच्या बाजूने गेल्या काही वर्षांत वाट थोडी मोकळी झाली आहे. २०१२ मध्ये आपल्या राज्यात सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी आरोग्य योजना, तसेच केंद्राचा २०१६ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम, यांमुळे यंत्र गरिबाच्या आटोक्यात येऊ लागले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, आणि त्यांनी पाहावयाच्या गोष्टींत दातांचाही समावेश आहे. म्हणजे यंत्रापर्यंतचा रस्ता झाला आणि शाळेत तोंड उघडून पाहणारा माणूसही आला. राहिली आहे ती त्या दोहोंमधली पायवाट.

ती घालण्यास नवे खाते नको. डायलिसिसच्या कागदावर जेथे वजन आणि रक्तदाब लिहितात तेथेच दर सहा महिन्यांनी ‘दात पाहिले’ एवढे दोन शब्द लिहिले जावेत. शाळेतील पथकास मुलाचे दात खडबडीत, पिवळसर, उशिरा आलेले दिसले, आणि त्याच मुलाची उंचीही वयाच्या मानाने खुंटलेली असली, तर त्याची लघवी आणि रक्त तपासून घ्यावे. क्वचित दातच मूत्रपिंडाची बातमी आधी देतील. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी, वाडीवर असे मूल असेल, तर त्याच्या आईस दोन प्रश्न विचारण्यास शिकवावे: मूत्रपिंडाच्या डॉक्टरास, ‘याचे दात कोणी पाहावेत?’ आणि दंतवैद्यास, ‘याचे डायलिसिस कोणत्या वारी असते ते लिहून घेतलेत ना?’

इनामगावच्या आईला आपल्या लेकराच्या दातावरचा खळगा दिसला असेल की नाही, कोण जाणे. दिसला असता तरी तिच्या हाती काही नव्हते. आपल्या हाती यंत्र आहे, औषध आहे, दंतवैद्य आहे. त्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढेच करावयाचे राहिले आहे, आणि ते रोपणाची तारीख ठरण्यापूर्वी झाले पाहिजे.